धंद्याच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी जीयूआय टूलकिट कुठला घ्यायचा: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

कुडाळात बसून गेली बरीच वर्षं मी धंद्याचे प्रोग्रॅम लिहितोय, आंब्याची पट्टी (दलालाकडच्या विक्रीच्या हिशोबाचा कागद), काजूची खरेदी, पतपेढीची पिग्मी, होमस्टेचं बुकिंग, जे येईल ते. इंजिनिअरिंग करून गावी परत आलेली पोरं फोन करतात आणि नव्वद टक्के वेळा तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. माझी मतं आहेत, पटली तर घ्या.

टूलकिट म्हणजे नक्की काय? भाषा आणि टूलकिट एकच का?

नाही. भाषा म्हणजे तुम्ही लिहिता ती, सी शार्प, पायथन, जावा, सी प्लस प्लस. जीयूआय म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी खिडक्या-बटणांची स्क्रीन, आणि टूलकिट म्हणजे खिडकी, बटण, टेक्स्टबॉक्स, ग्रिड (रकान्यांचा तक्ता), मेनू हे सगळं तयार देणारा संच. एकाच भाषेला चार टूलकिट असतात (सी शार्पला विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, विनयूआय, मावी, ॲव्हलोनिया, मोजत बसा) आणि एकच टूलकिट चार भाषांतून वापरता येतो, जसं क्यूटी मूळ सी प्लस प्लसचं पण पायथनमधून पण चालतं.

आजच्या काळात डेस्कटॉप प्रोग्रॅम कोण लिहितं? सरळ वेबवर का नाही टाकायचं?

टाका की, जिथे चालतं तिथे टाकाच. होमस्टेचं बुकिंग मी वेबवरच करतो कारण मालक एक बोरिवलीला आणि एक तारकर्लीला. पण देवगडात आंब्याच्या वखारीत एप्रिल महिन्यात संध्याकाळी वाशीची गाडी सुटायच्या आधी दोनशे-तीनशे पेट्यांची एन्ट्री करायची असते, लाईट इन्व्हर्टरवर, नेट आहे-नाही अशा अवस्थेत, आणि बाजूला वजनकाटा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तिथे "कनेक्टिंग..." असं गोल गोल फिरलं ना की लोक वही काढतात. आणि एकदा वही बाहेर आली की त्या सीझनला तुमचा प्रोग्रॅम संपला.

मग एका वाक्यात सांगा ना, कुठला घेऊ?

फक्त विंडोज असेल तर विनफॉर्म्स, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असेल तर क्यूटी किंवा ॲव्हलोनिया. झालं. पण हे वाक्य घेऊन पळू नका, खालचा प्रश्न वाचा.

निवडायच्या आधी काय तपासायचं?

इथे सगळे चुकतात, मी पण चुकलो. आपण टूलकिटचे स्क्रीनशॉट बघतो, डार्क मोड आहे का, ॲनिमेशन कसं आहे. अरे पण वापरणार कोण? वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात एक ताई आहेत, त्या कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत, नजर कच्च्या पावतीवर, डावा हात पावती उलटतोय आणि उजवा नंबरपॅडवर. माऊस त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलाय, त्यावर धूळ. त्या ताईंच्या हाताला काय लागतं ते बघा आणि मग टूलकिट शोधा, उलटं नको.

मी आता कुठलाही टूलकिट घ्यायच्या आधी एक दिवस घालवून एकच स्क्रीन बनवतो: वर गिऱ्हाईकाचं नाव मराठीत टाईप करायला, खाली ग्रिड ज्यात माल, नग, वजन, दर, रक्कम, आणि एक प्रिंटचं बटण. ती स्क्रीन माझ्या लॅपटॉपवर नाही, तर ज्याच्या मशीनवर शेवटी चालणार आहे त्या मशीनवर नेऊन चालवतो, आणि ज्याला वापरायचंय त्यालाच बसवतो, आपण मागे हात बांधून गप्प उभं राहायचं. ग्रिडमध्ये नुसत्या कीबोर्डने वीस ओळी भरता आल्या का, जोडाक्षर नीट आलं का, त्यांच्याच प्रिंटरवर पावती बरोबर आली का, आणि प्रोग्रॅम उघडायला किती वेळ लागला. या एका दिवसात जे कळतं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळत नाही.

आणि अजून एक गोष्ट जी कोणी विचारत नाही: तुम्ही उद्या पुण्याला नोकरीला गेलात तर हे कोण सांभाळणार? तालुक्याच्या ठिकाणी सी शार्पवाला सापडतो, पायथनवाला सापडतो, रस्टवाला सापडला तर मला पण कळवा.

तुम्ही एन्टर एन्टर का करता सारखं? त्यात काय एवढं?

त्यातच सगळं आहे. आपल्याकडे हिशोबाला बसणाऱ्या माणसाचे हात टॅलीवर घडलेत. एन्टर मारला की पुढच्या रकान्यात, एस्केप मारला की मागे, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स. त्यांना टॅब की माहीतच नसते बऱ्याचदा. आणि बहुतेक टूलकिट बनवणाऱ्यांच्या डोक्यात एन्टर म्हणजे "ओके".

विनफॉर्म्सच्या डेटाग्रिडव्ह्यूमध्ये, म्हणजे त्याच्या ग्रिडमध्ये, एन्टर मारला की कर्सर खालच्या ओळीत जातो, उजवीकडे नाही. त्यासाठी ग्रिडच्या क्लासचा वारसा घेऊन प्रोसेसडायलॉगकी आणि प्रोसेसडेटाग्रिडव्ह्यूकी हे दोन्ही ओव्हरराईड करावे लागतात, एकच केलं तर सेल एडिट करताना वेगळं वागतं आणि नुसता सेल सिलेक्ट असताना वेगळं, आणि तुम्ही दोन दिवस डोकं धरून बसता. क्यूटीमध्ये इव्हेंट फिल्टर लावून होतं. वेबवाल्या टूलकिटांत फॉर्ममध्ये एन्टर म्हणजे सबमिट, ते अडवायला विसरलात तर अर्धवट बिल सेव्ह. माझ्या बाबतीत हे झालंय, मालवणातल्या एका काकांनी फोन करून विचारलं, "अरे, मी एन्टर मारलंय, बिल खंय गेला?" बिल सेव्ह होऊन पुढचं कोरं बिल उघडलं होतं. चूक माझीच.

मराठीचं काय? सगळीकडे युनिकोड चालतंच ना आता?

"चालतं" आणि "नीट चालतं" यात फरक आहे. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही, ऱ्हस्व वेलांटी टाईप होते नंतर आणि दिसते आधी, रफार उडी मारून डोक्यावर जातो, जोडाक्षरं होतात. हे काम शेपिंग इंजिन करतं. विंडोजवर ते सिस्टीममध्येच आहे, क्यूटी आणि जीटीके (हे मुख्यतः लिनक्सवरचं टूलकिट) हार्फबझ नावाचं शेपिंग इंजिन वापरतात, इलेक्ट्रॉनच्या (एचटीएमएलमधून डेस्कटॉप प्रोग्रॅम करायच्या टूलकिटच्या) आत क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभा, आहे तेही हार्फबझवरच. त्यामुळे ह्या सगळ्यांत स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसतं. टीके (पायथनच्या टीकिंटरच्या आत असतं ते) मात्र लिनक्सवर जोडाक्षरांच्या बाबतीत दगा देतं, विंडोजवर बरं असतं.

टेस्ट करायला माझी शब्दांची एक यादी आहे: शृंगारतळी, वेंगुर्ले, कुऱ्हाड, आचाऱ्याला आणि आचार्याला, ज्ञानेश्वर, क्षत्रिय, बॅट, ऑफिस. "ऱ्या" आणि "र्या" वेगळे दिसले पाहिजेत, दिसले नाहीत तर तो फॉन्ट किंवा तो टूलकिट सोडा. फॉन्ट म्हणजे विंडोज ८ पासून निर्मला यूआय असतो, त्याच्या आधीच्या मशीनवर मंगल. दोन्हीची उंची इंग्रजी फॉन्टपेक्षा जास्त, म्हणून टेक्स्टबॉक्सची आणि ग्रिडच्या ओळीची उंची वाढवून ठेवा नाहीतर खालचे उकार कापले जातात आणि "कुडाळ"चं "कडाळ" होतं.

विनफॉर्म्समध्ये यूज-कम्पॅटिबल-टेक्स्ट-रेंडरिंग हे फॉल्स ठेवा, म्हणजे जुन्या जीडीआय प्लसऐवजी जीडीआयने अक्षरं काढली जातात. नवीन प्रोजेक्टमध्ये तसंच असतं, पण जुन्याचं कोड कॉपी केलेलं असलं तर बघा.

सॉर्टिंग पण बघा. युनिकोडच्या नुसत्या नंबरांनी लावलं तर ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो, आपल्या शाळेतल्या मुळाक्षरांत तो ह च्या नंतर. पतपेढीच्या खातेदारांची यादी असेल तर कोणीतरी जुने क्लार्क हे पकडतातच. मराठी लोकेलचं कोलेशन, म्हणजे अक्षरं लावायचा मराठी क्रम, वापरा.

आणि जुना डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाईप केलेला असेल तर तो युनिकोड नाही, आत वेगळेच कोड असतात आणि फॉन्ट काढला की कचरा दिसतो. तो कन्व्हर्ट करायचे पैसे वेगळे सांगा, आधीच सांगा.

टाईप कसं करायचं हा प्रश्न पण येतो: इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळ्या विंडोजमध्ये असतो, आणि विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड पण आला. नावाच्या रकान्यात गेल्यावर कीबोर्ड आपोआप मराठी आणि रकमेत गेल्यावर इंग्रजी असं करून द्या, विनफॉर्म्समध्ये इनपुटलँग्वेज बदलून दोन ओळीत होतं, आणि लोक एवढे खूश होतात की विचारू नका.

प्रिंटिंग कुठल्या टूलकिटमध्ये चांगलं?

कागद ए४ असेल तर बहुतेकांत. पण आपल्याकडे अजून डॉट मॅट्रिक्स जिवंत आहे, दलालाला पट्टी तीन कॉपीत लागते आणि कार्बन कागद लेझर प्रिंटरला कळत नाही. डॉट मॅट्रिक्सवर ग्राफिक्स मोडमध्ये प्रिंट केलं की प्रिंटर रडत रडत पाच मिनिटं घेतो, म्हणून मजकूर रॉ, म्हणजे चित्र न करता नुसती अक्षरं, पाठवायचा, विंडोजच्या स्पूलरला ओपनप्रिंटर आणि राईटप्रिंटर वापरून. हे सी शार्प, डेल्फी, लाझारस, पायथन सगळ्यातून जमतं. फक्त रॉ मध्ये मराठी येत नाही, कारण प्रिंटरच्या आत असलेल्या अक्षरसंचात देवनागरी सहसा नसते. मग नावं इंग्रजीत, नाहीतर हळू प्रिंट. गिऱ्हाईकाला दोन्ही दाखवा, तो स्वतःच इंग्रजी निवडतो.

छोट्या थर्मल प्रिंटरचं पण तसंच, पण तिथे मराठी ओळीचं चित्र बनवून पाठवलं तरी वेग चांगला मिळतो.

पीडीएफ बनवताना सांभाळा. स्क्रीनवर सुंदर दिसणारं मराठी बऱ्याच पीडीएफ लायब्ररीतून बाहेर पडताना फुटतं, वेलांटी भलतीकडे, रफार गायब, कारण ती लायब्ररी शेपिंग करत नाही. क्यूटीचं स्वतःचं पीडीएफ आणि क्रोमियमचं पीडीएफ नीट येतं.

विनफॉर्म्स तर मेलं ना? सगळे तसंच म्हणतात.

२००२ मध्ये डॉटनेटच्या (सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्याच्या) पहिल्या आवृत्तीबरोबर आलं आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी कोणीतरी त्याचं तेरावं घालतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ दोन्ही ओपन सोर्स केले, २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३ वर आणले, आणि आजच्या डॉटनेट १० मध्ये पण आहेत. दिसायला साधं आहे हे मान्य. हाय डीपीआयच्या स्क्रीनवर, म्हणजे १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग असेल तर, कंट्रोल एकमेकांवर चढतात हे पण खरंय, ॲप्लिकेशनची डीपीआय सेटिंग आणि टेबललेआउटपॅनेल नीट वापरलं नाही तर. पण डिझायनरमध्ये बटण ओढून टाकलं, डबल क्लिक केलं, कोड लिहिला, संध्याकाळी गिऱ्हाईकाला दाखवलं, हा वेग दुसरीकडे नाही.

जुन्या मशीनसाठी डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ घ्या, विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ पासून चालतं आणि विंडोज १० (२०१९ च्या मे अपडेटपासून) आणि ११ मध्ये आधीच असतं म्हणजे इन्स्टॉलर एवढासा. मशीन सगळी नवीन असतील तर डॉटनेटची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आवृत्ती, तिला तीन वर्षं सपोर्ट असतो. डॉटनेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ ला संपतो, त्यामुळे नवीन काम त्याच्यावर सुरू करू नका.

मग डब्ल्यूपीएफ? विनयूआय? मावी?

डब्ल्यूपीएफ २००६ पासून आहे, ताकदवान आहे, पण शिकायला चढण आहे. झॅमल (स्क्रीन लिहायची भाषा), बाइंडिंग (स्क्रीन आणि डेटा जोडणं), एमव्हीव्हीएम (स्क्रीन आणि कोड वेगळे ठेवायची पद्धत) हे डोक्यात बसेपर्यंत दोन महिने जातात, बसलं की मग मजा येते. मोठा प्रोग्रॅम असेल, शंभर स्क्रीन, दोन-तीन जणांची टीम, तर घ्या. एक खाच सांगतो: ग्रिड जर स्टॅकपॅनेलमध्ये किंवा स्क्रोलव्ह्यूअरमध्ये ठेवलं तर व्हर्च्युअलायझेशन (दिसतात तेवढ्याच ओळी काढणं) बंद पडतं आणि दहा हजार ओळी एकदम काढायला जातं, प्रोग्रॅम लटकतो आणि तुम्ही डेटाबेसला शिव्या घालता.

विनयूआय ३ मध्ये स्वतःचं डेटाग्रिड नाही. धंद्याच्या प्रोग्रॅमला. ग्रिड. नाही. पुढे काय बोलू. मावी मोबाईलसाठी बघा, लिनक्स डेस्कटॉप त्यात नाही आणि ग्रिड तिथेही स्वतः आणायचं.

क्यूटी एवढं चांगलं आहे तर सगळे का नाही वापरत?

सी प्लस प्लसची भीती आणि लायसन्सची भीती. पहिली खरी आहे, दुसरी अर्धी. नॉर्वेतल्या दोघांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं, मग नोकियाकडे, मग डिजियाकडे, आता स्वतंत्र कंपनी, एवढे मालक बदलून पण टिकलं म्हणजे पाया पक्का आहे. आजही क्यूटी मोठमोठ्या मशीनच्या पॅनेलवर आणि गाड्यांच्या डॅशबोर्डवर असतं.

लायसन्स असं समजा: एलजीपीएल या मोकळ्या लायसन्सखाली तुम्ही तुमचा बंद सोर्सचा प्रोग्रॅम विकू शकता, पण क्यूटीच्या लायब्ररी वेगळ्या डीएलएल म्हणून जोडा, वापरणाऱ्याला त्या बदलता आल्या पाहिजेत, आणि लायसन्सचा मजकूर बरोबर द्या. मात्र काही मॉड्यूल फक्त जीपीएल (ज्यात तुमचा सोर्सही द्यावा लागतो) किंवा पैसे देऊन असतात, त्यामुळे प्रत्येक मॉड्यूलचं पान उघडून बघायचं, "क्यूटी फुकट आहे" एवढ्यावर थांबायचं नाही.

क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, विंडोज ७ ची मशीन असतील तर ५.१५ वर राहावं लागेल.

मला फक्त पायथन येतं.

काही हरकत नाही. पायथनमधून क्यूटी वापरायला पायसाइड घ्या, तो एलजीपीएल आहे. पायक्यूटी दिसायला जवळपास तसाच पण तो जीपीएल किंवा विकत, आणि हा फरक मला एक अख्खा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर कळला होता, मग दोन रात्री बसून सगळे इम्पोर्ट बदलले. सिग्नलचं नाव पण वेगळं आहे दोघांत, हे लक्षात ठेवा.

टीकिंटर शिकायला उत्तम, पायथनबरोबरच येतं, पण त्यात सेलमध्ये टाईप करता येईल असं ग्रिडच नाही, ट्रीव्ह्यूवर भागवावं लागतं. आणि विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ ही शेवटची आवृत्ती.

इलेक्ट्रॉनवर तुमचा एवढा राग का?

राग नाही हो. व्हीएस कोड त्यावरच आहे आणि मी दिवसभर तोच वापरतो. एचटीएमएल येत असेल तर सुंदर स्क्रीन पटकन होते, मराठी छान दिसतं, रकमेला लाखाचे स्वल्पविराम जावास्क्रिप्टमधलं इंटल लावून देतं. पण प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर अख्खं क्रोमियम जातं, इन्स्टॉलर शंभर एमबीच्या आसपास, आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवर बाजूला टॅली आणि ब्राउझर उघडा असला की पंखा विमानासारखा वाजतो.

माझं काय झालं सांगतो. बंदरावरच्या एका व्यापाऱ्याला मासळीच्या लिलावाचा प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनमध्ये दिला, माझ्याकडे झकास, त्यांच्या एका मशीनवर उघडेचना. ते मशीन विंडोज ७. इलेक्ट्रॉन २२ नंतर विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट काढलाय आणि मी २५ वर होतो. आधी एकदा विचारलं असतं "काका, विंडोज कुठलं आहे" तर दोन आठवडे वाचले असते. काकांना माहीत नसतंच, जाऊन बघावं लागतं.

टॉरी हलकं आहे म्हणतात.

आहे, ते पण इलेक्ट्रॉनसारखं एचटीएमएलवालंच, पण विंडोजमधला वेबव्ह्यू २ (सिस्टीममधलाच ब्राउझरचा भाग) वापरतं, स्वतःचं क्रोमियम नेत नाही. २.० आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. मागची बाजू रस्टमध्ये. पुढे सांभाळणार कोण हा माझा वरचा प्रश्न परत वाचा.

फ्लटर?

मूळ मोबाईलचं टूलकिट, पण डेस्कटॉपवर चालतं, २०२२ पासून विंडोजसाठी स्टेबल आहे. मोबाईल ॲप पण द्यायचं असेल तरच.

जावावाले काय करतात?

स्विंग १९९८ पासून आहे आणि त्याचं जेटेबल, म्हणजे ग्रिड, खरोखर चांगलं आहे, उगाच हसतात लोक. जावाएफएक्स २०१८ मध्ये जेडीके ११ पासून वेगळं काढलं, त्यामुळे इन्स्टॉलरमध्ये स्वतः भरावं लागतं. रक्कम दाखवताना एक खड्डा: जावाच्या डेसिमलफॉरमॅटला १२,३४,५६७ असं लाखाचं ग्रुपिंग जमत नाही, ते १,२३४,५६७ च दाखवतं. त्यासाठी आयसीयूची (देशोदेशीचे आकडे-भाषा सांभाळणारी) लायब्ररी घ्या. सी शार्पमध्ये लोकेल भारताचं दिलं की आपोआप होतं.

लाझारस कोणी वापरतं का अजून?

मी वापरतो! डेल्फी येणाऱ्या पिढीला हे माहेर वाटेल. पास्कल, ओढून टाकायचं डिझायनर, फुकट, बंद सोर्सचा प्रोग्रॅम विकायला परवानगी, आणि एकच एक्झी, रनटाईम वगैरे काही नाही. पेन ड्राईव्हवर टाकली आणि चालवली. जुन्यात जुन्या खटाऱ्यावर टपकन उघडतो. अडचण एकच, नवीन पोरांना पास्कल म्हटलं की ती तोंड फिरवतात.

जीटीके, डब्ल्यूएक्सविजेट्स?

जीटीके लिनक्ससाठी उत्तम, विंडोजवर परका वाटतो. डब्ल्यूएक्स १९९२ पासून आहे, प्रत्येक सिस्टीमची मूळ बटणं वापरतो, प्रामाणिक आहे. सी प्लस प्लस येत असेल आणि क्यूटीचं लायसन्स नको असेल तर बघा.

पैसे देऊन ग्रिड-रिपोर्टचे कंट्रोल घ्यावेत का?

छान असतात, फिल्टर, ग्रुपिंग, एक्सेल एक्स्पोर्ट सगळं तयार. पण दरवर्षी रिन्यूअल डॉलरमध्ये आणि आपलं गिऱ्हाईक आंब्याचं पीक आल्यावर पैसे देणारं. हिशोब तुम्हीच करा.

डेटाबेस कुठला? हा प्रश्न टूलकिटचा नाही पण...

एकच मशीन असेल तर एस्क्यूलाइट. दोन मशीन लॅनवर असतील तर एस्क्यूलाइटची फाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवू नका, ठेवू नका, ठेवू नका, नेटवर्कवर फाईल लॉकिंगचा भरवसा नाही आणि एक दिवस फाईल खराब होते. तिथे पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी.

रक्कम कधीही फ्लोटमध्ये ठेवू नका. सी शार्पमध्ये डेसिमल, एस्क्यूलाइटमध्ये पैसे पूर्णांकात, म्हणजे रुपये गुणिले शंभर.

बॅकअप बाहेर पडताना आपोआप, आणि एक कॉपी इमारतीच्या बाहेर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा कॉम्प्युटर पण पाण्याखाली आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राईव्ह पण पाण्याखाली. लाईट अचानक जाते हे पण धरून चाला, प्रत्येक पावती ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि अर्धवट एन्ट्री ड्राफ्ट म्हणून दर ओळीला सेव्ह.

वजनकाटा जोडायचाय, कुठला टूलकिट बरा?

काटा सिरियल पोर्टवर बोलतो, आता मधे यूएसबी कन्व्हर्टर असतो. डॉटनेटमध्ये सिरियलपोर्ट क्लास आहे, क्यूटीत क्यूटीसिरियलपोर्ट, पायथनमध्ये पायसिरियल. टूलकिटपेक्षा एक नियम महत्त्वाचा, काट्याचा डेटा दुसऱ्या थ्रेडवर येतो आणि स्क्रीनला हात फक्त यूआय थ्रेडनेच लावायचा, म्हणून विनफॉर्म्समध्ये बिगिनइन्व्होक, क्यूटीत सिग्नल. हे नाही केलं तर दहा वेळा चालतं आणि अकराव्या वेळी गोण्यांची रांग लागलेली असताना अडकतं. आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर गोणी ठेवताना हललेलं वजन पावतीवर जातं आणि काजू घेऊन आलेला शेतकरी तुम्हाला सोडणार नाही, बरोबरच आहे त्याचं.

आमच्याकडे व्हीबी ६ चा (व्हिज्युअल बेसिकचा) जुना प्रोग्रॅम आहे, नवीन करायचा का?

व्हीबी ६ हे १९९८ चं. त्याच्या एडिटरचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला, पण रनटाईम विंडोज ११ वर पण चालतो. चालतंय तर घाई नको. मी असं करतो की नवीन स्क्रीन लागली की ती विनफॉर्म्समध्ये वेगळी एक्झी म्हणून, डेटाबेस तोच, आणि जुन्या मेनूतून ती उघडायची. तीन-चार सीझनमध्ये जुनं आपोआप रिकामं होतं. एकदम सगळं बदलायला गेलेले मी बघितलेत, सीझनच्या मध्यात जुना प्रोग्रॅम परत टाकायची वेळ येते. फक्त नवीन स्क्रीनवर शॉर्टकट तेच ठेवा, एफ ३ ने गिऱ्हाईक उघडत होतं तर तसंच.

गिऱ्हाईकाला दाखवायला कधी जाऊ?

आंबा-काजूवाल्याकडे मार्च ते मे अजिबात नाही, चहा पण मिळणार नाही. गणपतीच्या पंधरवड्यात घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. मासळीवाल्यांकडे जून-जुलै, सरकारी बंदी असते, बोटी किनाऱ्यावर, माणूस निवांत. आंबेवाल्यांकडे पण जून संपता संपता जा, हिशोब मिटलेला असतो आणि कुठली पट्टी चुकली ते ताजं आठवत असतं. लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा, आणि चार्जर विसरू नका कारण पावसात लाईट असेल तेव्हाच चार्ज होणार.